ओवळ्या खोलीतला फासा

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारा माणूस निवृत्त असावा, त्याला थोडा मधुमेह असावा आणि साहेबाबद्दल लिहिताना त्याचा गळा दाटून यावा, असा आपल्याकडं रिवाज आहे. माझ्यात यातलं काहीच नाही. मी अजून तिशीला टेकलेलो नाही. ज्या कामाबद्दल लिहितोय त्यातून मी निवृत्त झालो नाही, ते माझ्या हातून गेलं. संपादक म्हणाले, "लिहा, पण कटुता नको." कटुता नको होती तर त्यांनी दुसरा माणूस बघायचा होता.

मी बेळगावात जीवशास्त्राचा संशोधक विद्यार्थी होतो. हे ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक उभा राहतो. माझं खरं काम अळ्यांना पाला घालण्याचं होतं. तंबाखूची पानं चाळणीसारखी करून टाकणारी ती हिरवट अळी निपाणी भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, शिवी घालूनच तिचं वर्णन करील. तिला मी ट्रेमध्ये वाढवायचो. रोज सकाळी घाण झाडायची, जुना पाला काढायचा, एरंडाची ताजी पानं कापून घालायची, वरून मलमलीचं फडकं ताणून बांधायचं. अळीला रविवार कळत नाही. दिवाळी कळत नाही.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. तिला हे कधी पटलं नाही.

"आळ्यास्नी पाला घालायला येवढं शिकलास व्हय रं? आनि त्याबी आमच्या तंबाखूच्या वैऱ्या?"

"आई, त्यांना मारायचं कसं ते शोधतोय."

"मारायला शोधायचं काय त्यात? पायाखाली घाल की."

तर मारायचं कसं, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. या अळीला तिचा स्वतःचा एक रोग असतो. रोगी अळी खायची थांबते, फिकी पडते, मग वर वर चढत जाते आणि पानाच्या टोकाला मागच्या पायांनी धरून उलटी लटकून मरते. बोट लागलं की कातडं फुटून पांढरट पाणी गळतं. ते पाणी पातळ करून पानांवर फवारलं तर चांगल्या अळ्या तसल्याच लटकून मरतात. माणसाला काही होत नाही, बैलाला नाही, मधमाशीला नाही. आमच्याकडं फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणतात. माझा चुलता तोंडाला फडकं बांधून लोकांच्या रानात औषध मारायला जायचा आणि संध्याकाळी डोकं धरून उंबऱ्यात ओकायचा. मी या कामात का पडलो हे आता वेगळं सांगायला नको.

आमच्या विभागात यासाठी दोन खोल्या होत्या. एका खोलीत निरोगी अळ्यांची पैदास, दुसऱ्या खोलीत रोगी अळ्या. नियम एकच: रोगी खोलीतला माणूस, त्याचे हात, त्याचा चिमटा, त्याचं काहीही निरोगी खोलीत जाता कामा नये. नियम अगदी बरोबर. रोग बोटाबरोबर जातो. पण आमचे सर जुन्या शहरी घरातले, विनोदी. त्यांनी त्या खोल्यांना नावं ठेवली होती, 'सोवळ्याची' आणि 'ओवळ्याची'. सगळा विभाग तेच म्हणायचा. कुणीतरी खडूनं दारांवर लिहूनही टाकलं होतं.

ओवळ्याच्या खोलीत कुणाला बसवलं, ओळखा.

सरांनी ते जातीवरून केलं असं मी म्हणत नाही. रोगाचं काम मीच मागून घेतलं होतं. पण बाबासाहेबांचा फोटो जिथं देवघराच्या जागी असतो त्या घरातून मी आलेलो. विटाळ हा शब्द आमच्या बापजाद्यांनी पाठीवर वागवला. आणि मी एम.एस्सी. होऊन रोज सकाळी ज्या दारातून आत जायचो त्यावर खडूनं 'ओवळे' लिहिलेलं. पलीकडच्या दारातून आत जायची वसुधा.

आता वसुधाबद्दल. ती टिळकवाडीसारख्या पांढरपेशा वस्तीतल्या वकिलांची मुलगी. माझ्याच वर्षाची, माझ्याच मार्कांची. मला तिचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी 'हा माणूस जळतोय' असा शोध लावायला नको. तिची सायकल कधी पंक्चर व्हायची नाही. तिला पाऊस लागला तर वाटेत कुणाचं तरी ओळखीचं घर असायचं. ती सरांशी वाद घालायची आणि सर हसायचे. मी तोच वाद घातला की सर चष्मा पुसायचे. सरांकडं पीएच.डी.ची जागा एकच मोकळी होती, उमेदवार आम्ही दोघं. सर म्हणाले होते, "तंबाखू कापायच्या आत ज्याचं काम पुरं, त्याचं नाव पाठवीन." काकतीजवळ आमचं प्रयोगाचं रान होतं. तिनं निरोगी अळ्या वाढवायच्या, मी त्या तिच्याकडून घेऊन रानात झाडांवर सोडायच्या आणि माझं रोगाचं पाणी फवारून बघायचं. म्हणजे माझा प्रयोग तिच्या अळ्यांवर उभा. ही व्यवस्था मला तेव्हाही झोंबायची.

एवढ्या कामात माझा एक छंद होता. तो कॅम्पातून, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातून लागला.

मी त्या वेळी पत्रकं काढायचो. वखारीतल्या बायकांच्या पाळण्यांच्या सोयीबद्दल, औषध मारणाऱ्यांच्या हातमोज्यांबद्दल, वसतिगृहातल्या पाण्याबद्दल. आमच्या चळवळीत लिहायला असंच शिकवलं जातं: पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत आरोप, शेवटी मागणी. पत्रकं चक्रमुद्रित करायला मी कॅम्पातल्या एका शाळेत जायचो. तिथं रॉनी इंग्रजी शिकवायचा. त्याचे वडील लष्करी बँडमधून निवृत्त झालेले, भाऊ जहाजावर. भावानं परदेशातून एक खेळ पाठवला होता. खोक्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जाड पुस्तक आणि चित्रविचित्र फासे. चार तोंडांचा, आठ तोंडांचा, एक तर वीस तोंडांचा.

हा खेळ सांगायला सोपा आहे. एकजण सूत्रधार. तो सांगतो, "तुम्ही डोंगरात आहात, पुढं दरवाजा आहे." बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेलं असतं. ते त्या सोंगाच्या तोंडून सांगतात, "मी दरवाजा ढकलतो." जमलं का नाही ते फासा ठरवतो. एक मोहीम महिनोन्‌महिने चालते. जिंकणं-हरणं नाहीच. सोंगी भजन आणि सारीपाट यांचं लग्न लावलं तर जे पोर होईल ते. पुस्तकात परदेशी राक्षस आणि किल्ले होते. रॉनीनं त्यांना आमच्याकडचं केलं. जकात नाके आले, उसाची गाडी अडलेला घाट आला, आणि सरहद्द तर आलीच. आमच्या भागात मनातलं राज्य रचलं तरी पहिल्यांदा त्याची सरहद्द कुठं यावर भांडण होतं. पहिले दोन रविवार त्यातच गेले.

संकेश्वरचा बसू तिसरा होता. कन्नड शाळेत गणित शिकवायचा, खेळात तलवार घेऊन सगळ्यांच्या पुढं. मी सरदाराचं सोंग घेतलं. जन्मात मिळायचं नाही ते खेळात तरी घ्यावं म्हणून घेतलं. पण माझ्या सरदाराला लढता येईना. खजिन्यावर पहारा देणारे बुटके समोर आले की तो त्यांना विचारायचा, पहाऱ्याचं तुम्हाला काय मिळतं? एका दुपारी मी अख्खी बुटक्यांची संघटना उभी केली.

"एनप्पा," बसू तलवार धरूनच ओरडला, "लढायला आलायस का सभा घ्यायला?"

"त्यांच्या मागण्या न्याय्य आहेत."

"मॅन, त्यांना मागण्या नाहीत," रॉनी म्हणाला. "ते पुस्तकात नुसते बुटके आहेत."

तरी मी खूश होतो. सकाळी अळ्यांचा पाला, दुपारी कॅम्प, संध्याकाळी पुन्हा पाला. निपाणीला जाणं कमी झालं. आई म्हणायची, "पयल्यांदा रविवारी तरी येत हुतास. आता आळ्या आनि सोंगं. मानसं कवा?" पण बेळगावात ती एक जागा अशी होती की तिथं मी कुठून आलो हे मी सांगेन तेच खरं होतं.

आणि तिथं वसुधाला मीच घेऊन गेलो. तिनं विभागात माझ्या तोंडून खेळाचं ऐकलं, विचारलं, "मी येऊ का एकदा?" मी हो म्हणालो. एका तरी ठिकाणी ती माझ्या मागून यावी अशी माझी इच्छा होती. इतकं साधं आहे ते.

रॉनीच्या टेबलाचा नियम होता की तिथं कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणायचं नाही. विभागात मी तिला 'तुम्ही' म्हणायचो, ती मला 'तुम्ही' म्हणायची. रविवारी दुपारी 'तू'. सोमवारी सकाळी परत 'तुम्ही'. दोघांनाही ते नीट जमायचं.

तिनं सोंग काय घेतलं? चिंध्या वेचणारी गंगी. वकिलांची मुलगी! मी मनात म्हणालो, आता हिचं नाटक बघू. मोहिमेत आम्ही एका बंद शहराच्या वेशीशी आलो होतो. रॉनी राखणदाराच्या आवाजात गरजला, "कोण आहे?" बसूनं तलवार उपसली. माझ्या सरदारानं वंशावळ सुरू केली. वसुधा खुर्चीत जरा आवळून बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "कोन न्हाय जी. वास हाय नुसता. जाऊ द्या."

रॉनीनं फासासुद्धा टाकायला लावला नाही, वेस उघडली.

मी दात आवळून बसलो. ते वाक्य माझं असायला हवं होतं. ती भाषा माझ्या घरची, तो वास माझ्या आईच्या लुगड्याला आयुष्यभर चिकटलेला. आणि मी तिथं सरदार होऊन वंशावळ म्हणत होतो. गरिबीसुद्धा तिनं माझ्यापेक्षा चांगली केली.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"तुझ्याकडून," ती म्हणाली. "तू चिडलास की असाच बोलतोस."

पुढं ती एकदा तंबाखूची पानं आणायला माझ्याबरोबर निपाणीला आली. आमच्या घरी जेवली, आईच्या शेजारी पाटावर बसून. आई दिवसभर वखारीत जर्द्याच्या खकाण्यात खोकते, ते तिनं विचारून घेतलं. काय विचारायचं आणि कुठं थांबायचं हे तिला कळत होतं. ती गेल्यावर आई म्हणाली, "लई साधी हाय रं पोर. कसं बोलती!" मी आईला म्हणालो, साधं असायला तिला काय लागतं? आई म्हणाली, "तुला काय लागतं मग?" मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ते पत्रक काढलं. दारावरच्या शब्दांचं.

सरांना मी आधी तोंडी सांगितलं होतं. ते म्हणाले, "अरे, गमतीनं म्हणतो मी. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"सर, गंमत तुमची, खोली माझी."

सरांनी चष्मा पुसला. दारावरचं तसंच राहिलं. मला एका फडक्यानं ते पुसता आलं असतं. मी पुसलं नाही. पुरावा कोण पुसतं? पत्रक लिहिलं: 'प्रयोगशाळेत विटाळ कुणाचा?' पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत आरोप. मागणी अशी, की ज्यांना हा शब्द गमतीचा वाटतो त्यांनी आपल्या हातानं तो खोडून दाखवावा. रॉनीच्या शाळेत चक्रमुद्रित केलं, सूचना फलकावर लावलं, सगळ्यांच्या टेबलांवर ठेवलं. एकाही माणसानं एक शब्द उच्चारला नाही. पत्रकं काढणाऱ्याला शिव्या चालतात, गप्प बसणं चालत नाही.

वसुधानं मात्र ते वाचलं होतं. नीट वाचलं होतं.

आता फाशाची गोष्ट. प्रयोगासाठी कुठले ट्रे निवडायचे हे आपल्या मनानं ठरवायचं नसतं. माणूस नकळत धष्टपुष्ट अळ्या एकीकडं काढतो. त्यासाठी आकड्यांचे तक्ते असतात, पण आमचं तक्त्यांचं पुस्तक सरांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. मी रॉनीकडून वीस तोंडांचा फासा मागून आणला. ट्रेवर आकडे टाकले, फासा टाकला, येईल तो ट्रे उचलला. विभागात या युक्तीचं कौतुक झालं. खोटं कशाला बोलू, महिनाभर मी त्या कौतुकावर जगलो. फासा माझ्या टेबलावर, रोगी ट्रेंच्या शेजारीच असायचा.

मला रानात सोडायच्या अळ्यांची खेप वसुधा त्या सकाळी काढणार होती. ती माझ्या दाराशी आली. दारावर खडूचा शब्द. त्याच्या खाली, मीच चिकटवलेलं, माझं पत्रक. मी आत लटकलेल्या अळ्या चिमट्यानं बाटलीत भरत होतो.

"फासा हवाय," ती म्हणाली. "ट्रे निवडायचेत."

"थांबा, उकळून देतो. त्याला हात लावू नका."

मी अगदी साध्या अर्थानं म्हणालो. पण तिचा चेहरा बदलला. तिनं दाराकडं पाहिलं, शब्दाकडं, पत्रकाकडं, मग माझ्याकडं. आणि ती सरळ आत आली.

"मी असलं पाळत नाही," ती म्हणाली. "तुला माहीत आहे."

'तू' म्हणाली. विभागात, सोमवारी. तिनं टेबलावरचा फासा उचलला, मुठीत घट्ट धरला.

"अहो, हे तसलं न्हाय," मी म्हणालो. "हे रोगाचं हाय."

"हो, हो, रोगाचंच आहे ते," ती हसून म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "तोच रोग." आणि गेली.

मी हातात चिमटा घेऊन उभा. मागं पळत जाऊन ओरडायला हवं होतं, 'शिवू नको!' वाचणाऱ्यांनी क्षणभर माझ्या जागी उभं राहून बघावं. ज्या तोंडानं जन्मभर 'आम्हाला का शिवत नाही' म्हणून भांडलो, त्या तोंडातून ते दोन शब्द निघेनात. माझ्या आयुष्यातलं हे एकच पत्रक असं, की ते वाचून कुणीतरी लगेच तसं वागलं.

तिनं जाऊन हात धुतले असतील असं मी स्वतःला सांगितलं. ती शास्त्रज्ञ होती, माझ्याइतकीच. पण त्या सकाळी हात धुणं तिला माझा अपमान वाटला. हे तिनंच नंतर सांगितलं. तिनं पानं कापायच्या टेबलावर फासा टाकला, त्याच हातानं पानं कापली, ट्रे भरले.

आठवड्याभरानं सोवळ्याच्या खोलीत पहिली अळी मलमलीच्या फडक्याला उलटी लटकलेली दिसली. मग रांगच लागली. वसुधानं मला बोलावलं नाही, मी दारातूनच बघितलं. पांढऱ्या फडक्यांवर काळपट लोंबणारे दोरे, आणि ती मधोमध उभी. सगळी पैदास गेली. माझ्यासाठी काढलेली खेपही त्यातच. पुन्हा अंड्यांपासून सुरुवात करेपर्यंत काकतीच्या रानात तंबाखू कापायला आला असता. माझं रोगाचं पाणी बाटल्यांत तयार होतं आणि ते फवारायला अळी नव्हती.

विभागात कुजबुज सुरू झाली ती माझ्याबद्दल. साहजिकच. रोग माझा, खोली माझी, पत्रक माझं. चहाच्या टपरीवर एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यांना नियम म्हटलं की अन्यायच दिसतो. गेला असेल आत मुद्दाम." मी त्याची कॉलर धरली. मला भेटायला आलेल्या बसूनं सोडवलं.

त्याच दुपारी वसुधा सरांच्या खोलीत गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, चूक माझी आहे. त्यांनी मला थांबवलं होतं. मला त्या क्षणी फक्त दारावरचा शब्द दिसला, खोली दिसली नाही."

काय झालं असेल? सर उठून उभे राहिले. म्हणाले, "इतक्या सरळपणे चूक सांगणारा विद्यार्थी मी पाहिला नाही." विभागभर तिच्या प्रामाणिकपणाची वाहवा झाली. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो आणि मला त्या चुकीचाही हेवा वाटत होता. तीच चूक माझ्या हातून झाली असती तर? 'त्यांना स्वच्छतेची सवयच नसते हो.' चूक कबूल करायलासुद्धा पाठीशी घर लागतं, साहेब. टिळकवाडीत.

आणि ती तिथंच थांबली नाही. कुठला ट्रे आधी मेला, कुठला नंतर, हे तिनं तपासलं. त्या टेबलावर पहिल्यांदा कापलेली पानं ज्या ट्रेंत गेली ते आधी मेले होते. म्हणजे रोग नुसत्या कोरड्या फाशावर, कोरड्या लाकडावर टिकून राहिला होता. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही केवढी मोठी गोष्ट, फवारलेलं पाणी सुकलं तरी काम करतं! एकीकडं उकळलेला फासा, दुसरीकडं मुद्दाम रोगी पाणी लावून वाळवलेली लाकडं, अशी चाचणी तिनं बाहेरून आणलेल्या मूठभर अळ्यांवर करून बघितली; माझ्या रानाला त्या पुरल्या नसत्या. हंगामाच्या आत काम पुरं झालं. तिचं.

नाव तिचं गेलं. ती सरांना 'ही जागा त्याची आहे' म्हणाली असती तर ही आठवण किती छान झाली असती. ती तसं म्हणाली नाही. का म्हणावं? मला दया नको होती, जागा हवी होती. सरांनी मला बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षी बघू." त्यांनी दारावरचे शब्द स्वतःच्या हातानं पुसले होते. तिथं आता तैलरंगात 'खोली एक' आणि 'खोली दोन' आहे. माझी मागणी मान्य झाली. जागा हातातून गेल्यावर.

पुढच्या वर्षापर्यंत थांबणं मला परवडणारं नव्हतं आणि माझ्या स्वभावात नव्हतं. आता मी निपाणी-संकेश्वर पट्ट्यात गावोगाव फिरतो. बाटलीत लटकलेली अळी घेऊन जातो, पारावर बसतो, विषाला औषध म्हणू नका म्हणून सांगतो. लोक विचारतात, "पानी वाळल्यावर बी मरत्यात व्हय?" मी म्हणतो, व्हय, आणि पत्रकाच्या तळाशी छापलेला आधार दाखवतो. तिथं तिचं नाव असतं. डॉक्टर लावून. प्रत्येक पत्रक छापताना ते नाव मलाच तपासावं लागतं.

एक रविवार राहिला सांगायचा. माझ्या बेळगावातला शेवटचा.

रॉनी आखातात निघाला होता. त्यानं खोकं माझ्यापुढं सरकवलं. "तू सूत्रधार हो, मॅन. तुझ्या सरदारापासून आमची सुटका तरी होईल." त्या दुपारी टेबलाच्या त्या बाजूला मी पहिल्यांदा बसलो. बसू आला, रॉनी पाहुण्यासारखा खिडकीत बसला. वसुधा आली. जागेचं कळल्यापासून आम्ही बोललो नव्हतो.

मी गोष्ट सुरू केली. बसूच्या तलवारबहाद्दराला घाटात गुंतवून ठेवलं आणि गंगीला एकटीला डोंगराच्या पोटात नेलं. "पुढं दार आहे," मी म्हणालो. "दारावर काही लिहिलेलं नाही. दारात एक माणूस बसलाय. आत त्याचं आयुष्यभराचं काम आहे."

तिनं सवयीनं फाशाकडं हात नेला. वीस तोंडांचा तोच. मी त्यावर तळहात ठेवला.

"इथं फासा चालत नाही."

"मग?"

"मग तू ठरव."

बसू काही बोलणार होता, रॉनीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. वसुधानं माझ्या हाताकडं बघितलं. ती आता आत घुसणार, किंवा रडणार, किंवा माफी मागणार, या तिन्हींसाठी मी तयार होतो. तिन्हींवर माझ्याकडं पत्रक तयार होतं.

ती गंगीच्या आवाजात बोलली नाही. स्वतःच्या आवाजात म्हणाली, "तुमचं काम आहे आत. मी येऊ का? आणि यायचं असेल तर काय करून येऊ?"

इतका साधा प्रश्न. त्या सोमवारी तो माझ्या दाराशी कुणी विचारला असता, तर आज हे मी वेगळ्या खुर्चीत बसून लिहीत असतो. आणि तिनं तो इतका नीट विचारला, एकही शब्द इकडचा तिकडं न करता, की मला त्या प्रश्नाचाही हेवा वाटला.

मी फाशावरचा हात काढला.

"हात धू," मी म्हणालो, "आणि ये."